नवऱ्याची एफडी आणि कपाटातले 340 शर्ट

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

आम्ही इचलकरंजीत राहतो. माझं वय 41. पंचगंगेच्या प्रदूषणाविरुद्ध बारा वर्षं काम करते आहे. चार वर्षांपूर्वी सेंद्रिय सुताचे, नैसर्गिक रंगाचे शर्ट करायला घेतले. सूत बाहेरून आणते, कापड इथल्याच यंत्रमागावर विणून घेते, रंग घरामागच्या पडवीत मी आणि दोन बायका मिळून देतो. गेल्या वर्षी 610 शर्ट गेले: 420 पुण्या-बंगळूरच्या दुकानांतून जांगड मालावर (विकला तर पैसे, नाही तर माल परत), 190 थेट. किंमत 1,450 रुपये, मला पडतो 820 ला (कापड 330, रंग 120, शिलाई 220, बटणं-लेबल-पॅकिंग 60, इतर 90). दुकानं 35 टक्के घेतात आणि पैसे तीन-तीन महिन्यांनी देतात. शंभरात आठेक शर्ट डागामुळे किंवा रंग बदलल्यामुळे फुकट जातात. 340 शर्ट घरात पडून आहेत. अकरा रंग, पाच मापं, दोन कट करते.

माझे यजमान तबलावादक आहेत, साथ करतात. त्यांची अडीच लाखांची एफडी मोडून मी धंद्यात घातली. आता सात आठवड्यांवर एक दिवाळी पहाट आहे, मानधन 8,000. तिचा प्रायोजक तोच प्रोसेसिंग कारखाना आहे, ज्याच्याविरुद्ध माझ्या सहीची तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पडून आहे. चळवळीतले लोक मला विचारतात, तुमचे मिस्टर तिथे वाजवणार का? हे काहीच बोलत नाहीत. परवा एवढंच म्हणाले, ‘हल्ली तबला फार उतरतो.’ शेतकऱ्याला आणि मागवाल्याला रास्त दर दिला की धंदा चालतच नाही, हे मला कळून चुकलंय. मग अली ह्यूसनला, त्या गायक बोनोच्या बायकोला, कपड्यांचा धंदा आणि चळवळ दोन्ही कसं जमलं? बंद करू का सगळं?

उत्तर:

ताई,

तुमचा प्रश्न दिवाळी पहाटेचा आहे, पण पत्रातली खरी दुखरी जागा शर्टाच्या हिशेबात आहे. तो हिशेब चुकलाय म्हणून घरातली बाकीची ओझी जड झाली आहेत. म्हणून आधी शर्ट.

रास्त दरामुळे धंदा बुडतो हे तुमचं वाक्य आधी तपासू. 44 इंच पन्ह्याचं शर्टाचं कापड मीटरला साधारण 140 ग्रॅम भरतं. एका शर्टाला 2.1 मीटर, म्हणजे सुमारे 300 ग्रॅम कापड. विणताना आणि कातताना होणारी घट धरली की त्यामागे 360 ते 400 ग्रॅम रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, लागते. शंभर किलो कापसातून 34 किलो रुई निघते असं धरलं, तर एका शर्टामागे शेतातला कापूस होतो 1.1 ते 1.2 किलो. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये आहे. समजा शेतकऱ्याला त्यावर क्विंटलमागे पूर्ण हजार रुपये जास्त मिळाले, तर तुमच्या शर्टात त्याचा बोजा आहे 11-12 रुपयांचा. मागवाल्याला मीटरमागे चार रुपये चढे दिलेत तर आणखी साडेआठ. दोन्ही मिळून वीस रुपये. 1,450 च्या शर्टात वीस रुपयांनी कुणाचा धंदा बुडत नाही. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, कारण पुढच्या वेळी कुणी ‘नैतिकता परवडत नाही’ म्हणालं तर उत्तर तयार हवं.

बुडतं ते इथे. 1,450 मधून 5 टक्के जीएसटी निघतो, तो 69 रुपये. दुकानाचे 35 टक्के म्हणजे 507. हातात राहिले 874. तुमचा खर्च 820. शंभरातले आठ शर्ट वाया जातात, त्यांचा खर्च उरलेल्या ब्याण्णव शर्टांनी उचलायचा असतो, तो प्रत्येकी 71. म्हणजे दुकानातून गेलेल्या प्रत्येक शर्टामागे तुम्ही पदरचे 17 रुपये घालता आहात. थेट विक्रीत कुरिअर आणि पॅकिंगचे शंभर वजा केले तरी 390 सुटतात. वर्षाचा मेळ घातला तर 190 शर्टांचे 74,100 आले, 420 शर्टांत 7,140 गेले, उरले 67,000 च्या आत. महिन्याला साडेपाच हजार, आणि यात तुमची स्वतःची मजुरी शून्य धरलेली. दोन बायकांना हजेरी देता आणि स्वतःला देत नाही, हे चळवळीत शोभतं, धंद्याच्या वहीत शोभत नाही. तुमच्या कामाचे दिवस मोजून शर्टामागे रक्कम टाका. आज ती रक्कम तुमचे यजमान भरताहेत, फक्त कुठे लिहिलेली नाही.

आता कपाट. 340 शर्ट गुणिले 820, म्हणजे 2,78,800. ती एफडी बुडालेली नाही, घडी घालून कपाटात ठेवलेली आहे. ती अडकली कशी, तेही तुमच्याच आकड्यांत आहे: अकरा रंग, पाच मापं, दोन कट म्हणजे 110 प्रकार. 340 शर्ट त्यांत वाटले की प्रत्येकी तीन. म्हणून गिऱ्हाईक आलं की त्याला हवा तो रंग त्याच्या मापात नसतो, आणि असतो तो कुणाला नको असतो. पुढची फेरी तीन रंग, चार मापं, एकच कट. बारा प्रकार. मोठ्या धारणेची माणसं हे ऐकून हिरमुसतात, पण रंग कमी केल्याने शर्टाचं सत्त्व कमी होत नाही.

साचलेला माल दिवाळीआधी 1,150 ला थेट काढा. कर आणि पाठवणी जाऊन 995 हातात येतात. तीनशे गेले तरी 2,98,500 होतात. मापानुसार यादी करा, प्रत्येक मापाचा एक फोटो-संच करून जुन्या गिऱ्हाइकांना त्यांच्याच मापाचा पाठवा. सगळ्यांना सगळं पाठवलं की कुणी बघत नाही. नवी फेरी मात्र 1,850 ला काढा. त्या किमतीला दुकानातूनही 224 सुटतात, थेट विकला तर 771.

दुकानांशी जांगड बंद करा, किंवा जास्तीत जास्त दोन दुकानांपुरतं ठेवा. उद्यम नोंदणी फुकट होते, ती असली की लघुउद्योगांच्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याज लागतं. पण जांगड माल विकला जाईपर्यंत विक्रीच धरली जात नाही, त्यामुळे ते 45 दिवस सुरू कधी झाले यावरच वाद होतो. पक्की खरेदी घ्या, कमी घ्या, बिल फाडा. याशिवाय मागणीप्रमाणे काम घ्या: भजनी मंडळं, शाळांचे शिक्षक, ढोल-ताशा पथकं. एका रंगात पंचवीस-पन्नास कुर्ते, निम्मी रक्कम आगाऊ. फक्त पथकांना हिरडा-हिराकसचा (हिराकस म्हणजे लोहाचा क्षार) करडा किंवा मंजिष्ठाचा लाल देऊ नका. चार तास घाम आला की काखेत आणि पाठीवर रंग फिरतो. त्यांना कोरं कापड किंवा नीट धुतलेली नीळ.

रंगाबद्दल थोडं तपशिलात सांगावं लागेल, कारण तुमचे आठ टक्के तिथेच जातात. यंत्रमागाचं कापड म्हणजे ताण्याला, उभ्या धाग्यांना, विणताना तुटू नयेत म्हणून सायझिंगची खळ लागलेली असते. ती पुरती निघाली नाही की रंग ठिगळाठिगळाने बसतो. कापडाच्या कोपऱ्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळं-काळं झालं तर पिठाची खळ शिल्लक आहे. सायझिंगवाल्याने पीव्हीए (कृत्रिम खळ) वापरलं असेल तर या थेंबावर विसंबू नका, त्याला आधीच विचारून घ्या, आणि पीव्हीए असेल तर 80-90 अंशांच्या पाण्यात दोनदा खळबळून काढा. पिठाच्या खळीला एन्झाइम घालून 60-65 अंशांत रात्रभर. मग 10 किलो कापडाला 250 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा रिठा घालून तास-दीड तास उकळा. धुऊन वाळल्यावर पाण्याचा एक थेंब सोडून बघा, तीन-चार सेकंदांत जिरला पाहिजे. मोती होऊन वर बसला तर पुन्हा उकळा. या परीक्षेत नापास झालेलं कापड रंगाच्या पातेल्यात जाऊच द्यायचं नाही.

पुढे हिरडा दीड किलो, मग तुरटी दीड किलो (दोन्ही 10 किलो सुक्या कापडाला), मग मंजिष्ठा तीन-साडेतीन किलो. तुमचा लाल तपकिरी होतो त्याची कारणं दोनच असतात. एक, धग. मंजिष्ठाचं पाणी पाऊण तासात हळूहळू 60-65 वर न्यायचं आणि तासभर तिथेच धरायचं. 70 च्या वर गेलं की लालाबरोबर तपकिरी अंशही सुटतो. बोटाने अंदाज घेऊ नका, दोन-तीनशे रुपयांचा थर्मामीटर आणा. दुसरं कारण बोअरच्या पाण्यातलं लोह. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, चिमूटभर हिरडा पूड टाका, दहा मिनिटं थांबा. पाणी करडं-काळपट झालं तर त्यात लोह आहे, आणि त्या पाण्यात लाल कधीच उजळणार नाही. त्या फेरीपुरतं पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं पाणी घ्या. करड्यासाठी हिराकस घालता तेव्हा कापडाच्या वजनाच्या दोन टक्क्यांवर जाऊ नका, जास्त हिराकसाने कापड वर्षभरात जिरतं आणि शिवणीपाशी फाटतं. हळद आणि पळस या फेरीतून काढून टाका. ते उन्हात टिकत नाहीत, आणि फिका पडलेला शर्ट परत आला की त्यासोबत तुमचा शब्दही परत येतो.

रंगाच्या प्रत्येक घाण्याचा हातभर तुकडा तारखेसह वहीत चिकटवा. वाद झाला की तो तुकडा बोलतो.

आता नदी. तुमच्या तुरटीच्या पातेल्यातलं वापरून झालेलं पाणी आम्लधर्मी असतं, पीएच पट्टी बुडवली तर बहुधा 3-4 दाखवेल. बाहेर सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा 5.5 ते 9 आहे. म्हणजे पडवीतून ते तसंच गटारात गेलं, तर ज्या गोष्टीसाठी तुम्ही दुसऱ्याविरुद्ध सही केली आहे तीच, छोट्या मापात, तुमच्या घरामागे होते आहे. हे कठोर वाटेल, पण कारखान्याचा वकील हे शोधणारच. एक टाकी ठेवा, त्यात सगळं रंगपाणी जमवा, चुन्याची निवळी घालत पीएच 7 च्या आसपास आणा, रात्रभर ठेवा. तुरटीचा गाळ खाली बसतो. वरचं पाणी मोजून, तारीख लिहून सोडा. गाळ वाळवून वेगळा साठवा. आणि मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला लेखी विचारा की एवढ्या मापाच्या रंगकामाला कोणती संमती लागते. उत्तर येईपर्यंत पोच जपून ठेवा.

लेबलांकडेही बघा. गिरणीच्या सुताला सेंद्रिय प्रमाणपत्र असेल, पण विणणारा, रंगवणाऱ्या तुम्ही आणि शिवणारा यांपैकी कुणीच प्रमाणित नसेल तर तयार शर्टावर ते मानचिन्ह लावता येत नाही. यंत्रमागाच्या कापडाला ‘खादी’ म्हणता येत नाही, हातकताईच्या आणि हातमागाच्या कापडालाही खादी आयोगाच्या खादी मार्कशिवाय तो शब्द विक्रीत वापरता येत नाही. आणि ‘केमिकल-फ्री’ लिहिलं असेल तर आजच काढा. तुरटी, सोडा, हिराकस ही रसायनंच आहेत. जे आहे ते लिहा: हिरडा, तुरटी, मंजिष्ठा, इचलकरंजीच्या यंत्रमागावर विणलेलं. हे काही कमी सुंदर नाही.

तक्रारीपुरतं दोन मुद्दे सांगतो. पंचगंगेत कोल्हापूरच्या जयंती नाल्याचं सांडपाणीही येतं, त्यामुळे कारखाना म्हणणारच की पाणी वरूनच घाण आलंय. म्हणून त्याच्या नाल्याच्या तोंडाच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला, एकाच दिवशी, तासाच्या आत, असे दोन्हीकडचे नमुने हवेत. तुम्ही स्वतः घेतलेला नमुना दिशा दाखवतो, खटल्यात टिकतो तो मंडळाच्या अधिकाऱ्याने जल कायद्याच्या पद्धतीने, कारखान्याच्या माणसाला कळवून, सीलबंद घेतलेला. तेव्हा मागणी ‘नमुना घ्या’ अशी लेखी करा. कारखान्याच्या संमतीपत्राची प्रत माहिती अधिकारात मागा, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. त्यात रोज किती पाणी सोडायची परवानगी आहे हे असतं, आणि बहुतेक वेळा खरा मुद्दा तिथेच सापडतो. पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात जायचं असेल तर साध्या अर्जाला सहा महिन्यांची मुदत आहे, नुकसानभरपाई आणि नदी पूर्ववत करण्याच्या मागणीला पाच वर्षांची. तुमची तक्रार किती दिवस पडून आहे ते पत्रात नाही. तारखा आजच मोजा.

आता दिवाळी पहाट. ख्यालगायक बाळकृष्णबुवांचं इचलकरंजी आणि 1904 साली पहिला यंत्रमाग आला ते इचलकरंजी एकच आहे. या गावात गाण्याला पैसा कापडातूनच येतो. ‘कापडवाल्यांच्या मांडवात वाजवणार नाही’ असा सरसकट नियम केलात तर तुमच्या यजमानांचं अर्ध वर्ष कोरडं जाईल, आणि तो नियम त्यांनी केलेला नसेल. म्हणून नियम अगदी अरुंद हवा: ज्या कारखान्याविरुद्ध पत्नीच्या सहीची तक्रार प्रलंबित आहे, त्याच्या नावाच्या मांडवात नाही. बाकी सगळीकडे हो. हा नियम दोघांनी बसून, त्यांच्या तोंडून ठरायला हवा. तुम्ही ठरवून त्यांना कळवलात तर तो पाळला जाईल, पण मनातून नाही.

आमचं मत विचाराल तर ही एक मैफल त्यांनी सोडावी. त्यांच्या वाजवण्याने नदी जास्त घाण होणार नाही, हे खरं आहे. पण मागच्या पडद्यावर कारखान्याचं नाव आणि पुढे तक्रारदाराचा नवरा, हा फोटो सुनावणीच्या दिवसांत वापरला जाईल, आणि तुमच्या साक्षीदारांना, नदीकाठच्या गावांतल्या ज्या लोकांनी सह्या दिल्या त्यांना, त्याचं उत्तर तुम्हाला देत बसावं लागेल. सात आठवडे हा पुरेसा वेळ आहे, तीन आठवडे नसता. साथीदाराने आयत्या वेळी माघार घेतली की मार बसतो तो मुख्य कलाकाराला. म्हणून याच आठवड्यात, यजमानांनी स्वतः, आधी मुख्य गायकाला फोन करावा, मग आयोजकांना. बदली तबलजीचं नाव सुचवावं, बयाणा घेतला असेल तर त्याच दिवशी परत करावा. कारण एका वाक्यात: ‘या प्रायोजकाशी आमच्या घराचा कायदेशीर वाद चालू आहे.’ एवढंच. त्यावर तुम्ही पोस्ट टाकायची नाही, चळवळीच्या ग्रुपवर टाळ्या मिळवायच्या नाहीत. तो त्याग त्यांचा आहे, तुमच्या आंदोलनाचा प्रसंग नाही. पुढच्यासाठी एक सवय लावून घ्या: तारीख पक्की करताना ‘प्रायोजक कोण?’ हे विचारायचं, साथीलाही.

आणि ते 8,000 रुपये वहीत ‘चळवळीचा खर्च’ म्हणून लिहा. प्रवास, झेरॉक्स, नमुन्याच्या चाचण्या, बुडालेलं मानधन, सगळं तिथे. बारा वर्षांत हा खर्च कधीच लिहिला गेला नसणार. न लिहिलेला खर्च घरातला जो माणूस कमी बोलतो त्याच्याकडून निघतो.

अली ह्यूसनबद्दल तुम्ही विचारलंय. त्यांचं उदाहरण घ्याच, पण पूर्ण घ्या. यू-टू या आयरिश रॉक बँडचे गायक बोनो यांच्याशी 1982 साली लग्न, 1989 मध्ये डब्लिनच्या विद्यापीठातून समाजशास्त्र-राज्यशास्त्राची पदवी. चेर्नोबिलच्या अणुअपघाताची झळ बसलेल्या मुलांसाठी नव्वदच्या दशकापासून काम, बेलारूसच्या वाऱ्या. 2002 साली आयरिश समुद्रापलीकडच्या सेलाफील्ड अणुप्रकल्पाविरुद्ध ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर आणि इतरांना पाठवलेल्या पोस्टकार्डांची मोहीम, दहा लाखांहून जास्त कार्डं गेली. आणि 2005 मध्ये पतीसोबत ‘एडन’ हा कपड्यांचा उद्योग, आफ्रिकेत माल बनवून तिथे रोजगार उभा करायचा या हेतूने. उत्तर युगांडात कापूस उत्पादकांबरोबरही त्यांनी कार्यक्रम चालवला. जगातल्या सगळ्यात ओळखीच्या गायकांपैकी एकाचं नाव पाठीशी, भांडवल हाताशी. तरीही सुरुवातीला माल उशिरा पोचण्याच्या, मापाच्या तक्रारी आल्या. 2009 मध्ये एलव्हीएमएच या बड्या फ्रेंच समूहाने 49 टक्के वाटा घेतला, त्यानंतर उत्पादनाचा काही भाग चीनमध्ये गेला आणि त्यावरून टीकाही झाली. 2018 मध्ये तो समूह बाहेर पडला आणि उद्योगाचं काम थांबलं. म्हणजे ‘त्यांना जमलं’ हे अर्धंच खरं. नवऱ्याच्या नावावर पहिला शर्ट खपतो, दुसरा शर्ट मापात आणि वेळेवर असेल तरच खपतो. पण चेर्नोबिलचं काम कपड्यांच्या नफ्यावर उभं नव्हतं, म्हणून कपडे थांबल्यावर तेही थांबलं नाही. तुमची नदी आणि तुमचा शर्ट सध्या एकमेकांच्या गळ्यात गळा घालून उभे आहेत, एक पडला की दुसरा पडेल. त्यांना वेगळं करा. बँकेत दोन खाती आणि चळवळीची तिसरी वही. चळवळीसाठी आलेली देणगी सुतात जाता कामा नये, एक दिवसासाठीसुद्धा. आणि यजमानांच्या मैफलीच्या दाराशी शर्टांचं टेबल लावत असाल तर तेही थांबवा. तिथे आलेला माणूस त्यांना ऐकायला आलेला असतो.

एफडीचा कागद करा. नवरा-बायकोत कसला कागद, असं मनात येईल. साध्या कागदावर, तारीख घालून: अडीच लाख उसने, व्याज एफडीला मिळत होतं तेवढंच, परतफेड साचलेल्या मालाच्या विक्रीतून पहिली. त्या विक्रीचा पैसा नव्या सुतात घालायचा मोह होईल, कारण हंगाम तेव्हाच सुरू होतो. घालू नका. तुमच्या घराचं एक वेगळेपण आहे: त्यांचे कार्यक्रम गणपतीपासून मार्चपर्यंत, तुमची विक्रीही तेव्हाच. आणि जून ते ऑगस्ट दोघांचेही हात रिकामे, त्यात पावसात रंगवलेलं कापड वाळत नाही. दोन उत्पन्नं असूनही तुमचे कोरडे महिने एकच आहेत. म्हणून एफडी परत उभी राहिली की ती घरखर्चाच्या सहा महिन्यांची गंगाजळी समजा आणि धंद्यासाठी तिला पुन्हा हात लावू नका. धंद्याला पैसा लागलाच तर बँकेकडून, उद्यमच्या कागदावर घ्या. जाता जाता, त्यांच्या मानधनातून एखाद्या आयोजकाने 10 टक्के टीडीएस कापला असेल तर तो उत्पन्न कमी असल्यास परत मिळतो, पण विवरणपत्र भरलं तरच. मागची वर्षं भरली आहेत का, बघा.

शेवटी त्यांचं ते वाक्य. ‘हल्ली तबला फार उतरतो.’ आमच्या मते ते तक्रार करत नव्हते, अगदी खरं तेच सांगत होते. 10 किलो कापडाला दीड-दोनशे लिटर पाणी लागतं, ते तुम्ही पडवीत तासन् तास तापत ठेवता, आणि त्याची वाफ घरातच शिरते. पुडीचं कातडं ओल पितं, सैल पडतं, सूर खाली येतो. सारखं गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून चढवत राहिलं की वादीवर, म्हणजे कातडी पट्ट्यांवर, आणि पुडीवर नको तेवढा ताण येतो, वाफ गेली की तोच सूर वर पळतो, आणि पुडी तिच्या वयाआधी फाटते. रियाजाची खोली पडवीला लागून आहे का ते पत्रात नाही, पण असेल तर भट्टी तिथून हलवा. भिंतीपासून पंधरा-वीस फुटांवर, वर पत्रा आणि तीन बाजू उघड्या. रंगाच्या दिवसांतला वाऱ्याचा रोख बघून जागा धरा, म्हणजे तो वाफ घरापासून दूर नेईल. पातेल्यांना झाकणं करून घ्या, सरपणही वाचेल. तोवर रंगाचे दिवस त्यांच्या बाहेरगावच्या कार्यक्रमांच्या दिवशी धरा, आणि तबल्याच्या जोडीला आतल्या खोलीत, कपाटात जागा करून द्या. 340 शर्ट गेले की कपाट रिकामं होणारच आहे.